चौथीतल्या मुलाची हातच्याची वजाबाकी : मोजके आठवडे हाती असताना सुरुवात कोठून करावी?

कोरी_पाटी
नमस्कार. मी डी.एल.एड. या शिक्षक प्रशिक्षण पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असून सध्या आंतरवासितेसाठी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आहे. वर्गशिक्षिका बाईंनी चौथीतल्या एका मुलाला रोज मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास स्वतंत्रपणे गणित शिकवण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे. त्याच्याविषयी येथे सविस्तर लिहिते, कारण पुढे काय करावे याबद्दल आमच्याकडे दोन मते आहेत आणि निर्णय लवकर घ्यावा लागणार आहे. मुलाचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली की तोही त्यांच्याबरोबर जाईल, आणि माझी आंतरवासिताही साधारण तेव्हाच संपेल.

मुलगा अबोल आहे, पण विश्वास बसला की नीट बोलतो. एक अंकी बेरीज-वजाबाकी तो बोटांवर बरोबर करतो. बिनहातच्याची दोन अंकी वजाबाकीही त्याला येते. ६३ वजा ४१ हे गणित घातले तेव्हा त्याने लगेच २२ लिहिले. हातचा आला की मात्र प्रत्येक उत्तर चुकते, आणि चुकते तेही एकाच रीतीने. ५२ − २७ चे त्याने ३५ लिहिले, ८१ − ४६ चे ४५ आणि ७० − ३८ चे ४८. "हे कसे केलेस, मला सांगशील का?" असे विचारल्यावर तो जराही न अडखळता म्हणाला, "दोनातून सात जात न्हाईत. मग सातातून दोन काढले. पाच उरले." त्याला आपले काही चुकते आहे असे वाटतच नव्हते, कारण तो ठरलेल्या नियमाने चालला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला चौतीस काड्या मोजायला दिल्या. त्याने त्या बरोबर मोजल्या आणि वहीत ३४ लिहिले. मी ४ या अंकाभोवती गोल केला आणि विचारले, "हा चार म्हणजे यांतल्या कोणत्या काड्या?" त्याने चार काड्या बाजूला काढल्या. मग ३ भोवती गोल केला, तर त्याने तीन काड्या काढल्या. उरलेल्या सत्तावीस काड्यांकडे बोट दाखवून "मग या कोठे गेल्या?" असे विचारले, तेव्हा बराच वेळ पाहून तो म्हणाला, "त्या जास्तीच्या हायेत."

वर्गशिक्षिका बाईंचे मत असे, की वेळ थोडा असल्याने त्याच्याकडून शेजारून दहा घेण्याची कृती घोटून घ्यावी, म्हणजे निदान वर्गात बसल्यावर त्याला इतरांबरोबर गणिते सोडवता येतील. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिका म्हणतात, की त्याला दशकच कळलेला नाही, तेव्हा मागे जाऊन तेथूनच सुरुवात करावी. दोघींचेही म्हणणे मला पटते आणि म्हणूनच अडचण आहे. अशा मुलाबरोबर ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

बालाघाट
ताई, मी निवृत्त केंद्रप्रमुख आहे आणि माझी बहुतेक नोकरी आपण सध्या आहात त्याच भागात झाली. या मुलाची अडचण समजून घेताना आधी त्याचे वर्ष डोळ्यांसमोर आणावे. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आईवडिलांबरोबर जाणारे मूल जूनमध्ये पाटी-पुस्तक घेऊन येते, पहिल्या सत्रात संख्यावाचन, लेखन आणि साधी बेरीज-वजाबाकी करते आणि पुढचा भाग सुरू होताना निघून जाते. दरवर्षी त्याचे तेच पहिले सत्र होते आणि तेच दुसरे सत्र बुडते. त्यामुळे बिनहातच्याची वजाबाकी पक्की आणि हातच्याची अजिबात नाही, असे चित्र मी या मुलांत वर्षानुवर्षे पाहिले आहे. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावात राहू लागली. सगळीच राहतात असे नाही.

ही अडचण केवळ ऊसतोड कामगारांच्या मुलांची आहे, असेही समजू नये. 'असर' या ग्रामीण मुलांच्या देशव्यापी शैक्षणिक पाहणीच्या चाचणीत हातच्याची दोन अंकी वजाबाकी दुसरीच्या पातळीची मानली जाते. २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी ३३.७ टक्के मुलांना ती येत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २५.९ टक्के होते. म्हणजे सुधारणा होऊनही तिसरीतली तीनांपैकी जवळजवळ दोन मुले आपल्या विद्यार्थ्याच्याच जागी उभी आहेत.

एक सूचना करतो. त्याला फडावरची मोळी विचारा. ऊस तोडल्यावर वाढ्यांनी मोळी बांधतात हे त्याने लहानपणापासून पाहिले आहे आणि कदाचित स्वतः केलेही आहे. दशकाचा गठ्ठा त्याला त्या वाटेने लवकर समजेल, असे माझे मत आहे.

संख्यारेषा
मी अध्यापक विद्यालयात गणित अध्यापन शिकवतो. आपण उत्तर तपासण्याआधी मुलाला रीत विचारली, ही या संपूर्ण नोंदीतली मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. आपल्याकडे चुकलेल्या उत्तरावर लाल फुली मारून खाली बरोबर उत्तर लिहून देण्याची इतकी सवय आहे, की ३५ हे उत्तर कोठून आले हे कोणी विचारतच नाही.

जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा बारकाईने अभ्यास मांडला. त्यातून दिसले ते असे, की मुलांच्या पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल एक ठरावीक, पण सदोष कृती अगदी काटेकोरपणे पाळत असते. 'प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक काढावा' ही त्यांतली सर्वांत परिचित कृती, आणि आपला विद्यार्थी नेमका तीच पाळतो आहे. ती आली कोठून, हेही पाहावे. 'लहानातून मोठे जात नाही' हे वाक्य आपणच पहिलीत मुलांना सांगतो. त्याने ते प्रामाणिकपणे लक्षात ठेवले आणि अडचण आली तेव्हा जे जाते ते करून दाखवले.

निदान पक्के करण्यासाठी गणिते निवडून घालावीत. ५२ − २७ मुळे ही चूक दिसते, पण ५० − २७ मध्ये शून्य आल्यावर काही मुले सात लिहितात आणि काही शून्य लिहितात, आणि ही दोन वेगळी दुखणी आहेत. आपण ७० − ३८ घातले होते आणि त्याने ४८ लिहिले, म्हणजे शून्याच्या बाबतीतही तो जुनाच नियम लावतो, शून्याची त्याची निराळी समजूत नाही. ही माहिती फार उपयोगाची आहे, कारण त्यामुळे दुरुस्त करायची गोष्ट एकच उरते. काड्यांच्या प्रयोगावरून ती एक गोष्टही कळते: त्याच्या लेखी ३४ म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले तीन आणि चार आहेत. ज्याला डावीकडचा ३ म्हणजे तीस हे ठाऊक नाही, त्याला 'शेजारून दहा घे' हे वाक्य मंत्रासारखेच पाठ करावे लागेल. म्हणून माझे मत मार्गदर्शक प्राध्यापिकांच्या बाजूने आहे.

माणदेशी
वर्गशिक्षिकेची बाजू मांडणारे येथे कोणी नाही, म्हणून लिहितो. मी दोनशिक्षकी शाळेत आहे आणि एका वेळी दोन इयत्ता सांभाळतो. काड्या, गठ्ठे, चित्रे हे सारे मला मान्य आहे, परंतु ज्या मुलाच्या हातात आठवडे मोजके आहेत त्याच्याबरोबर दशकाची संकल्पना पहिल्यापासून उभी करायला घेतली आणि ती अर्धीच राहिली, तर तो ना कृती शिकेल ना संकल्पना. कृती घोटून घेतली तर निदान उत्तर बरोबर येते आणि बरोबर उत्तर येऊ लागले की मूल वर्गात मान वर करून बसते. अशी मुले मी पाहिली आहेत. समज पुढच्या इयत्तेतही येऊ शकते. एकदा गेलेली हिंमत परत आणणे कठीण असते.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. घरी कोणी त्याला शिकवते का, याची चौकशी करावी. आमच्या पिढीला वजाबाकी वेगळ्या रीतीने शिकवली होती: "बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन नि एक तीन, पाचातून तीन गेले दोन." या रीतीत हातचा खालच्या संख्येत मिळवतात. आता पुस्तकात वरच्या संख्येतला दशक सुट्टा करतात. दोन्ही रीती बरोबरच आहेत, पण घरी आजोबांनी एक आणि शाळेत बाईंनी दुसरी सांगितली, की मूल दोन्हींची सरमिसळ करते आणि ती उलगडणे शिक्षकालाही जड जाते.

पाटीपेन्सिल
त्याचे संख्यालेखन तोंडी सांगून तपासले आहे का? मराठीत 'पासष्ट' म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि साठ नंतर, तर लिहिताना सहा आधी येतो. त्यामुळे कित्येक मुले ऐकलेल्या क्रमाने ५६ लिहितात. 'एकोणसाठ' ऐकून साठ आणि नऊ एवढेच पकडून ६९ लिहिणारी मुले मी दुसरीत दरवर्षी पाहते. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन रूढ नावांबरोबर दिले तेव्हा, जून २०१९ मध्ये, त्यावर मोठा वाद झाला होता आणि विधानसभेतही त्याची चर्चा झाली होती. त्या वेळी गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण लक्षात घेऊन तो पर्याय सुचवला होता. मी स्वतः रूढ नावे सोडत नाही, मात्र अडलेल्या मुलाला काही दिवस दोन्ही नावे एकत्र म्हणायला लावते: बावन्न, पन्नास आणि दोन. दशक कानाला ऐकू आला तर वहीत तो शोधणे त्याला सोपे जाते.

कोरी_पाटी
सर्वांचे मनापासून आभार. मध्यंतरी जे घडले ते लिहिते, कारण बालाघाट सरांच्या सूचनेतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली.

मी त्याला काड्यांचा ढीग आणि रबरबँड दिले आणि म्हटले, "यांच्या मोळ्या बांध." त्याने झपाट्याने चार मोळ्या बांधल्या आणि उरलेल्या काड्या बाजूला ठेवल्या. मी त्याच्यासमोर बसून माझ्या ढिगाच्या दहा-दहाच्या मोळ्या केल्या. नंतर विचारले, "तुझ्या तीन मोळ्या घे, माझ्या तीन मोळ्या घे. जास्त काड्या कोणाकडे?" तो म्हणाला, "सारख्याच." मी मोजून पाहायला सांगितले. त्याने आपली पहिली मोळी सोडली तर बारा निघाल्या, दुसरीत नऊ आणि तिसरीत तेरा. तेव्हा माझ्या लक्षात आले, की फडावर मोळी हाताच्या आणि डोक्याच्या बेताने बांधतात. तेथे ऊस मोजण्याचे कारणच नसते, कारण पुढे वजनच करायचे असते. त्याने मोळी अगदी योग्य बांधली होती, फक्त ती फडावरची मोळी होती. माझ्या मोळ्या सोडून पाहिल्यावर प्रत्येकीत दहा निघाल्या. त्याने दोन्हींकडे पाहिले आणि आपण होऊन म्हणाला, "सगळ्या सारख्या पायजेत. न्हाईतर दर टायमाला सोडून मोजावं लागतंय." पुस्तकातले दशकाचे कोणतेही स्पष्टीकरण मला याहून नेमके वाटत नाही.

त्यानंतर बावन्न काड्या त्याने पाच मोळ्या आणि दोन सुट्या अशा मांडल्या. पाटीपेन्सिल ताईंनी सांगितल्याप्रमाणे "पन्नास आणि दोन, बावन्न" असे म्हणूनच मांडल्या. "यातून सत्तावीस मला दे," असे म्हटल्यावर त्याने आधी दोन मोळ्या दिल्या, मग दोन सुट्या दिल्या आणि थांबला. काही वेळाने विचारले, "मोळी सोडू का?" मी केवळ मान हलवली. त्याने मोळी सोडली, आणखी पाच काड्या दिल्या आणि उरलेल्या मोजून "पंचवीस" म्हणाला.

अडचण पुढे आली. लगेच तेच गणित वहीत मांडायला सांगितले, तर त्याने पुन्हा ३५ लिहिले. समोर पंचवीस काड्या पडलेल्या होत्या. मी विचारले, "आता यातले बरोबर कोणते?" तो म्हणाला, "दोन्ही. काड्यांचं काड्यांचं, वहीचं वहीचं." याच्या पुढे काय करावे?

संख्यारेषा
हे उत्तर मी माझ्या विद्यार्थ्यांना वर्गात वाचून दाखवणार आहे, आपली हरकत नसेल तर. त्या मुलाने आपल्या गणित शिक्षणातला एक जुना प्रश्न एका वाक्यात सांगितला आहे.

१९८५ मध्ये टेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लिमन यांनी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या, रस्त्यावर नारळ आणि फळे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुले नऊ ते पंधरा वर्षांची होती. गाडीवर गिऱ्हाइकाशी हिशेब करताना त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर होती. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या संख्यांनी दिली तेव्हा सुमारे ३७ टक्के बरोबर आली. अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांविषयी 'नेचर' या नियतकालिकात लिहिले. बाजारातले गुंतागुंतीचे हिशेब मनातल्या मनात करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीची साधी गणिते सोडवताना अडखळत होती. उलट, केवळ शाळेत शिकणारी मुले बाजारातल्या हिशेबात अडखळत होती. कोणत्याही बाजूची समज आपोआप दुसरीकडे जात नव्हती.

म्हणून 'मोळीवरून दशक समजेल' हे बालाघाट सरांचे म्हणणे मला मान्य आहे, पण ते अर्धे आहे. मोळी सोडणे आणि ५ वर काट मारून ४ लिहिणे ही एकच क्रिया आहे, हे मुलाला कोणीतरी दाखवावे लागते, आणि ते काम आपल्या रोजच्या अर्ध्या तासाचे आहे. दोन गोष्टी कराव्यात असे सुचवतो.

पहिली अशी, की काड्यांचे गणित पूर्ण करून नंतर वहीकडे वळू नये. हाताची प्रत्येक हालचाल झाली की लगेच तेवढीच नोंद वहीत करावी. मोळी सोडली, थांबा; आता किती मोळ्या उरल्या? चार. मग पाचावर काट मारून वर चार लिही. सुटे किती झाले? बारा. मग दोनच्या जागी बारा लिही. पुढे काही दिवसांनी काड्या झाकून ठेवाव्यात आणि उभ्या रेघा व ठिपक्यांचे चित्र काढायला सांगावे. नंतर तेही थांबवावे. जेरोम ब्रुनर यांनी मांडलेल्या कृती, चित्र आणि चिन्ह या तीन पायऱ्या आपण सर्वांनीच परीक्षेसाठी लिहिल्या आहेत. परीक्षेच्या उत्तरात मात्र असे कोठे येत नाही, की एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना काही काळ दोन्ही एकत्र चालाव्या लागतात.

दुसरी गोष्ट पडताळ्याची. वहीचे उत्तर वहीनेच तपासू द्यावे. ३५ मध्ये २७ मिळवले तर ६२ येतात. आपण सुरुवात तर ५२ ने केली होती. हातच्याची बेरीज त्याला येत असेल, तर ही विसंगती त्याला स्वतःला दिसेल, आणि ३५ चुकले हे आपण सांगण्यापेक्षा त्याच्या वहीने त्याला सांगणे अधिक चांगले.

माणदेशी
वरचे वर्णन वाचल्यावर माझ्या मतात थोडा बदल करतो. मुलाने मोळी स्वतः सोडली असेल, तर कृती आता पाठ करून घ्यावी लागणार नाही. तिला नाव देऊन वहीत उतरवावे लागेल, आणि ते काम मला वाटले होते त्यापेक्षा कमी वेळात होईल. तथापि सरावाचा मुद्दा मी सोडत नाही. काड्यांवर चार-दोन गणिते झाली म्हणजे काम झाले, असे प्रशिक्षणार्थींना पुष्कळदा वाटते. समजल्यानंतरची गणिते रोज घालावी लागतात, आणि त्यांत बिनहातच्याची गणितेही मिसळावी लागतात. नाहीतर मूल गरज नसतानाही दशक सुट्टा करू लागते आणि मग ६३ − ४१ सारखे आज बरोबर येणारे गणितही चुकू लागते.

उमज
मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते. शाळेत अशा मुलाविषयी 'याला गणिताची अध्ययन अक्षमता असेल' असे कोणी म्हणण्याआधी हे लिहिणे मला आवश्यक वाटते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि ज्या मुलांना ती आहे त्यांचे निदान वेळेवर व्हायलाच हवे. परंतु ज्या मुलाचे दरवर्षीचे अर्धे शालेय वर्ष बुडते, त्याच्या बाबतीत आधी त्याला नीट शिकण्याची संधी मिळाली होती का, हा प्रश्न येतो. चांगले, सलग आणि वैयक्तिक शिकवूनही लहान संख्यांचा अंदाज येत नसेल, पाच आणि आठ यांत मोठे कोणते हे सांगायला दर वेळी मोजावेच लागत असेल, आज आलेले उद्या पुसले जात असेल, तर तज्ज्ञांकडे पाठवावे. आपण लिहिलेल्या वर्णनात मला तशी लक्षणे दिसत नाहीत. असमान मोळ्यांचा तोटा ज्याने स्वतः ओळखला, त्या मुलाची संख्येची जाण शाबूत आहे.

आणखी एक विनंती. त्याला रोज वर्गातून उठवून वेगळे नेताना इतर मुले काय म्हणतात याकडे लक्ष असू द्यावे. शक्य असल्यास अधूनमधून एखाद्या मित्रालाही बरोबर घ्यावे आणि मोळ्यांचे काम त्याने मित्राला समजावून सांगावे.

बालाघाट
संख्यारेषा सरांची दुरुस्ती मान्य आहे. फडावरच्या मोळीत ऊस मोजलेले नसतात, ही गोष्ट सूचना करताना माझ्या ध्यानात यायला हवी होती. पण ताईंनी त्याच फरकाचा उपयोग करून घेतला, याचा आनंद वाटतो.

एकास एक शिकवण्याविषयी एक गोष्ट नमूद करतो. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये वैयक्तिक अध्यापनाचा परिणाम फार मोठा असल्याचे मांडले होते. नंतरच्या अभ्यासांत तो तेवढा मोठा आढळला नाही, तरी चांगला आढळला. मला त्या आकड्यापेक्षा त्यामागचे कारण महत्त्वाचे वाटते. मुलाने विचार करण्यासाठी थांबायचे आणि शिक्षकाने तेवढा वेळ गप्प राहायचे, हे भरलेल्या वर्गात जवळजवळ अशक्य असते. "मोळी सोडू का?" हा प्रश्न त्या गप्प राहण्यातून आला.

आता निघण्याची वेळ जवळ येते आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देतात, ते मुख्याध्यापकांकडून भरून घ्यावे. त्यावर मुलगा कोणत्या इयत्तेत आहे हे कळते, पण तो गणितात कोठे पोहोचला आहे ते तेथल्या गुरुजींना त्यावरून कळणार नाही. त्यासाठी वेगळा कागद द्यावा.

कृष्णाकाठ
मी सांगली जिल्ह्यात कारखान्याजवळच्या शाळेत शिकवतो आणि अशी मुले दरवर्षी आमच्याकडे दाखल होतात. बालाघाट सर म्हणतात तो कागद खरोखर उपयोगी पडतो, मात्र तो कसा असावा हे सांगतो. 'गणितात कच्चा आहे, लक्ष द्यावे' असे लिहिलेला कागद मिळाला तर मी तो वाचून ठेवून देतो, कारण त्यावरून उद्या सकाळी काय शिकवावे हे कळत नाही. मूल काय बरोबर करते, कोठे अडते, अडल्यावर नेमके काय करते आणि कोणत्या साधनाने त्याला कळते, एवढे लिहिलेले असेल तर माझे कित्येक दिवस वाचतात. दुसरे असे, की कागद दप्तरात ठेवू नये. ट्रकमधून किंवा ट्रॅक्टरमधून संसार हलवताना दप्तर पुष्कळदा खाली दबते किंवा गावीच राहते. तो आईच्या हाती द्यावा आणि तो कशासाठी आहे हे तिला समजावून सांगावे. ज्या पिशवीत आधार कार्ड आणि रेशन कार्ड असते त्या पिशवीत ती तो ठेवते आणि शाळेत आली की आधी तोच काढून देते. शेवटची विनंती अशी, की कागदावर आपल्या शाळेचा दूरध्वनी क्रमांक अवश्य लिहावा. मी स्वतः आधीच्या शाळेला फोन करतो.

कोरी_पाटी
कृष्णाकाठ सर, आपण लिहिले तसेच केले. सध्याची स्थिती अशी: हालचाल आणि नोंद एकत्र चालवल्यावर वहीतल्या उत्तरांत फरक पडू लागला. पडताळ्याने तर त्याला स्वतःचे ३५ खोडावेसे वाटले, आणि ते त्याने मला न विचारता खोडले. अजून घाईत असला की जुना नियम परत येतो, विशेषतः वर शून्य असेल तेव्हा. उमज ताईंच्या सांगण्यावरून त्याच्या मित्राला बरोबर घेतले होते. मित्राला शिकवताना तो "आधी बघ, सुटे पुरतात का" असे दर वेळी बजावतो, आणि माणदेशी सर म्हणाले ती मिसळलेली गणितेही त्यामुळे सावरली आहेत. वर्गशिक्षिका बाईंनी मी गेल्यानंतर, तो निघेपर्यंत, रोज त्याच्याकडून अशी गणिते करून घेण्याचे कबूल केले आहे. त्यांना आता घोटून घेण्याचा आग्रह वाटत नाही, कारण त्यांनी त्याला मोळी सोडताना स्वतः पाहिले.

त्याच्या आईशी बोलले. ती म्हणाली की घरी त्याला कोणी गणित शिकवत नाही, त्यामुळे दोन रीतींच्या सरमिसळीची भीती नाही. कागद तिच्याकडे दिला आहे. त्यावरचा मजकूर येथे देते, काही भर घालायची असल्यास सांगावे. टोळी निघेपर्यंत बदलता येईल.

"गुरुजी / बाई, सप्रेम नमस्कार. हा मुलगा एक अंकी बेरीज-वजाबाकी आणि बिनहातच्याची दोन अंकी वजाबाकी बरोबर करतो. हातच्याची वजाबाकी दहा काड्यांच्या मोळ्या आणि सुट्या काड्या घेऊन बरोबर करतो. वहीत बहुतेक वेळा बरोबर करतो. अडल्यास मोठ्या अंकातून लहान अंक काढतो, उदाहरणार्थ ८० − ४६ = ४६. तसे झाल्यास उत्तर सांगू नये. 'पडताळा कर' एवढेच म्हणावे, तो स्वतः दुरुस्त करतो. संख्या तोंडी सांगताना 'ऐंशी आणि तीन, त्र्याऐंशी' अशी सांगावी, नाहीतर कधी कधी अंक उलटे लिहितो. उत्तर देण्याआधी बराच वेळ थांबतो, तेव्हा थोडी वाट पाहावी. काड्या आणि रबरबँड त्याच्याजवळ आहेत. तीन अंकी वजाबाकी अजून घेतलेली नाही. शाळेचा दूरध्वनी क्रमांक मागे लिहिला आहे."